अज्ञाताचे अध्यापन आणि अध्यापकाची पूर्वतयारी

जीवशास्त्र वा जैवतंत्रज्ञान शिकविणाऱ्या महाविद्यालयीन अध्यापकाचे प्रशिक्षण म्हणजे त्याच्या माहितीत भर घालणे, असा समज सामान्यतः आढळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून अकादमिक स्टाफ कॉलेजांच्या द्वारे उजळणी वर्गांची जी योजना आखली, तिचाही एक प्रमुख हेतू अध्यापकांस आपापल्या विषयातील नव्या ज्ञानाचा परिचय करून देणे हाच होता. ही गरज नाकारता येणार नाही. परंतु नवे ज्ञान ऐकून आलेला अध्यापकही पुष्कळदा ज्यांचे उत्तर आधीच ठरलेले आहे, असेच प्रयोग करवून घेतो. ज्याचे उत्तर आपणासही ठाऊक नाही, असा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचे धैर्य त्याला कोठून यावे?

अमेरिकेतील एका उपक्रमात ह्याचे विचारार्ह उत्तर सापडते. हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट ह्या संस्थेने पिट्सबर्ग विद्यापीठातील ग्रॅहम हॅटफुल ह्यांच्या सहकार्याने २००८ साली ‘सी-फेजेस’ हा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात पदवीच्या आरंभीच्या वर्गातील विद्यार्थी परिसरातील माती आणतो. तिचा गाळलेला अर्क मायकोबॅक्टेरियम स्मेग्माटिस ह्या जीवाणूंत मिसळून आगराच्या थाळीवर पसरतो. जीवाणूंच्या धूसर थरात जेथे स्वच्छ ठिपका उमटतो, तेथे जीवाणुभक्षी विषाणूने, म्हणजेच फेजने, आपले काम केलेले असते. पहिल्या सत्रात तो फेज शुद्ध करून त्याचे डीएनए वेगळे काढावयाचे व दुसऱ्या सत्रात डीएनएच्या अनुक्रमातील जनुके संगणकाच्या साहाय्याने ओळखावयाची. हाती येणारा फेज बहुधा पूर्वी कोणी पाहिलेला नसतो. अर्थात अध्यापकही येथे अनभिज्ञच असतो.

म्हणूनच अध्यापकांसाठी सुमारे एकेका आठवड्याचे दोन वर्ग योजिले आहेत. एक प्रयोगशाळेतील, दुसरा संगणकीय विश्लेषणाचा. तेथे अध्यापक विद्यार्थ्याच्या जागी उभा राहतो. थाळीवर ठिपका न उमटणे, नमुना दूषित होणे, जनुक नेमके कोठे सुरू होते ह्याविषयी मतभेद होणे, हे सारे तो स्वतः अनुभवतो. वर्ग संपल्यावरही त्याला समान कार्यपद्धतीचा व इतर महाविद्यालयांतील सहकाऱ्यांचा आधार राहतो.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार ७३ संस्थांतील ४,८०० हून अधिक विद्यार्थी ह्या अभ्यासक्रमात सहभागी झाले होते. अशा अध्यापनाचे मोल केवळ शैक्षणिक नाही. ह्याच धर्तीच्या कामात दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे एका विद्यार्थिनीला २०१० साली कुजलेल्या वांग्यावर ‘मडी’ हा फेज सापडला. पुढे लंडनमधील एका पंधरा वर्षांच्या मुलीला मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस ह्या जीवाणूचा दुर्धर संसर्ग झाला असता, तिच्यावरील उपचारांत जे तीन फेज वापरले गेले, त्यांत ‘मडी’ होता. तिच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा झाल्याचा वृत्तांत २०१९ साली प्रसिद्ध झाला.

तात्पर्य, अध्यापक-प्रशिक्षणाचे मोजमाप ऐकलेल्या व्याख्यानांच्या संख्येवरून करणे अपुरे आहे. ‘हे मलाही ठाऊक नाही, आपण शोधू’ असे वर्गात निःसंकोचपणे म्हणण्याची आणि तो शोध पद्धतशीरपणे चालविण्याची पात्रता अध्यापकाच्या अंगी आली किंवा नाही, हीच प्रशिक्षणाची खरी कसोटी होय.