मोठ्या माणसांनीही खेळावं



आपल्याकडे मोठा माणूस खेळताना दिसला की लोक म्हणतात, "घोड्याएवढा झाला, तरी पोरखेळ काही सुटत नाही!" खेळायचं ते पोरांनी आणि राबायचं ते मोठ्यांनी, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. ही वाटणी वाडवडिलांनी केलेली नव्हे. जुन्या देवळांचे ओटे नि लेण्यांच्या फरशा पहा. खेळांचे पट दगडात कोरलेले सापडतात. छिन्नी-हातोडा घेऊन ते काही पोरांनी कोरले नसतील. हुतूतू, आट्यापाट्या, लेझीम, फुगडी, झिम्मा हे खेळ जाणती माणसंही खेळत आली. त्यात करमणूक होती, हे तर खरंच. पण खेळल्यावर जिवाचा घोर हलका का होतो, याचं कारण शरीरातही आहे. ते आज समजावून घेऊ.

रात्री पाण्याची पाळी आली म्हणून तुम्ही दारं धरायला शेतात गेलात आणि पायाजवळ काही सळसळलं. 'साप' हा शब्द मनात यायच्या आत छाती धडधडू लागते, तोंडाला कोरड पडते, अंगावर काटा येतो. हार्वर्ड विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी याचा अभ्यास करून १९१५ साली ग्रंथ लिहिला. संकट दिसताच शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, असं त्यांनी दाखवलं. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिच्यातून अ‍ॅड्रेनलिन नावाचा रस रक्तात उतरतो. मग हृदय जोरात चालतं आणि पोटाकडचं रक्त हातापायांकडे वळतं. भीतीच्या वेळी भूक मरते ती यामुळेच.

पण गाडीवानाच्या हातात आसूड असतो तसा कासराही असतो. शरीरातला कासरा म्हणजे व्हेगस नावाची मज्जा. ती मेंदूच्या बुडापासून निघते आणि मानेतून हृदय, फुप्फुसं नि पोटापर्यंत जाते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावचे ओटो लोवी यांनी १९२१ साली तिच्याविषयी एक नामी प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी बेडकांची दोन हृदयं बाहेर काढून मिठाच्या पाण्यात चालू ठेवली. पहिल्या हृदयाची ही मज्जा चेतवली, तेव्हा ते मंदावलं. मग त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं! मज्जेतून एक द्रव्य सुटतं आणि ते हृदयाला 'सावकाश' असं सांगतं, हे त्यावरून कळलं. या शोधासाठी लोवींना हेन्री डेल यांच्यासह १९३६ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं.

आता अडचण कुठे आहे ते पहा. साप निघून गेला की छातीची धडधड थांबते. पण सोसायटीचं कर्ज, लांबलेला पाऊस, पडलेला भाव, घरातलं आजारपण ही संकटं काही क्षणात निघून जात नाहीत. ती उशाशी बसून राहतात. शरीराला मात्र एकच भाषा येते. तिथे ना लढायला कोणी समोर असतं, ना पळायला वाट, तरी आसूड चालूच राहतो. मग झोप येत नाही, मान-खांदे आखडतात, अन्न अंगी लागत नाही, आणि राग निघतो तो बायकोवर, पोरांवर नाहीतर मुक्या जनावरांवर.

अशा माणसाला "काळजी करू नको" म्हणून भागत नाही. मन ऐकत नसेल तर शरीराच्या वाटेनं जावं लागतं, आणि खेळ ही तशी एक वाट आहे.

हुतूतूचंच घ्या. चढाईला गेलेला गडी एका दमात 'हुतूतू' म्हणत शत्रूच्या हद्दीत शिरतो. छाती धडधडते, अंग सावध होतं. जसं सापापुढे होतं तसंच. पण जीव धोक्यात नाही, हे त्याला ठाऊक असतं. तो रेघेला परततो, दम सोडतो, हसतो, आणि घटकाभरात छाती शांत होते. आसूड उठला नि कासराही लागला. अशी चढ-उतार एका डावात दहा वेळा होते. चेतल्यावर पुन्हा निवायचं कसं, याची तालीम शरीराला अशी मिळते. नेमानं धावणाऱ्या-खेळणाऱ्या माणसाचं हृदय एरवीही सावकाश चालतं. आणखी एक गोष्ट आहे. हुतूतूत मेलेला गडी पुन्हा जिवंत होतो. हरलो म्हणजे सगळं संपलं नाही, हे पिकानं मार खाल्लेल्या माणसाला व्याख्यानातून पटणार नाही. मैदानावर ते त्याच्या अंगवळणी पडतं.

दुसरी गोष्ट हसण्याची. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांचे सहकारी यांनी काही लोकांना एकत्र बसवून विनोदी चित्रफिती दाखवल्या आणि आधी व नंतर त्यांची वेदना सोसण्याची ताकद मोजली. २०११ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: पोटभर हसल्यावर माणसं जास्त वेदना सोसू शकली. मेंदूत अफूसारखं काम करणारी, पण शरीरानंच तयार केलेली द्रव्यं असतात. त्यांचा हा गुण असावा, असं ते मानतात. ऑक्सफर्डमधल्याच वल्हवणाऱ्या खेळाडूंची अशीच परीक्षा झाली. तेवढीच मेहनत एकट्यानं करण्यापेक्षा सर्वांनी एका ठेक्यात केली, तेव्हा सोसण्याची ताकद अधिक भरली. आपल्या लेझमीत नि झिम्म्यात हसणं, ताल आणि सोबत ही तिन्ही एकत्र येतात.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी सोंगट्या मांडाव्यात. समोरचा डाव पाहताना उद्याची चिंता तेवढ्यापुरती बाजूला बसते.

पण ज्याला खेळ म्हणतात ते सगळंच खेळ नसतं, बरं का. पैसे लावून पत्ते कुटले की प्रत्येक डावाला साप समोरच असतो, आणि हरल्यावर तो घरी येतो. दारूनं पडलेली झोप ही गाढ विश्रांती नव्हे. एकट्यानं रात्रभर मोबाइलवर बोटं फिरवणं यात ना दम लागतो, ना कोणी टाळी देतं. ज्यात हरलेलाही हसत घरी जातो, तो खेळ.

आता भगिनींविषयी. नागपंचमीचा झोका, मंगळागौरीची फुगडी, हादगा, भुलाबाई, एवढे मोजके दिवस सासुरवाशिणीच्या वाट्याला खेळायला येत. आज कितीकींच्या वाट्याला तेही येत नाहीत. चूल, पाणी, शेत, गुरं, म्हातारी माणसं यांतून तिला सवड कुठली? म्हणून नुसतं "बायकांनी खेळावं" म्हणू नका. आठवड्यातून एक संध्याकाळ पाणी भरणं नि भाकरीचं पीठ मळणं घरच्या पुरुषांनी अंगावर घ्यावं. मग पहा, फुगडीला जागा आपोआप सापडते.

गुरुजी, तुमच्याकडे शाळेचं मैदान आहे आणि गावात तुमच्या शब्दाला मान आहे. पंचायतीशी बोलून संध्याकाळी मैदान मोठ्यांसाठी उघडं ठेवा. सुरुवातीला लोक लाजतील, तेव्हा पहिले तुम्ही उतरा. अर्धा तास पुरे. छातीचा विकार असलेल्यांनी नि गरोदर बायांनी डॉक्टरांना विचारूनच खेळावं.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खेळानं कर्ज फिटत नाही, आणि तसं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण ज्याची झोप झाली आहे आणि डोकं ठिकाणावर आहे, तो सावकाराशी नि बँकेशी नीट बोलू शकतो. कोणाची झोप नि भूक पंधरवडा गेली असेल, कोणी माणसांत येत नसेल, जगण्याला कंटाळल्याचं बोलत असेल, तर त्याला खेळायला ओढण्यावर थांबू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका, सरकारी दवाखान्यात घेऊन जा. सरकारनं २०२२ साली 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत. हा क्रमांक शाळेच्या नि चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आणि त्याच भिंतीखाली, येत्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, फक्कीनं हुतूतूची रेघ मारा.