गेमिंग लॅपटॉप तापतोय? नवीन घेण्याआधी हे करून बघा

उन्हाळ्यात ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबादकडे पारा चाळिशी ओलांडतो. सुट्टीतली मुलं दिवसभर गेमिंग लॅपटॉपसमोर. पंधरा-वीस मिनिटं गेम झकास चालतो, मग अडखळायला लागतो आणि घरात नव्या लॅपटॉपचा हट्ट सुरू होतो. खरं तर अनेकदा तो बिघडलेला नसतो. स्वतःला वाचवत असतो.

नेमकं होतं काय?

प्रोसेसरचं तापमान साधारण ९५ ते १०५ अंशांपर्यंत गेलं, की तो जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. यालाच 'थर्मल थ्रॉटलिंग' म्हणतात. चिपची उष्णता तांब्याच्या नळ्यांतून कडेच्या जाळीपर्यंत येते आणि फॅन ती बाहेर फेकतो. मात्र फॅन ओढतो ती खोलीतलीच हवा. खोली तापलेली आणि जाळी धुळीने बुजलेली असेल, तर फॅन कितीही गरगरला तरी उपयोग नाही.

बिनपैशांचे उपाय

- लॅपटॉप गादीवर, उशीवर किंवा मांडीवर ठेवू नका. बहुतेक मॉडेलमध्ये हवा खालून आत जाते. टेबलावर ठेवून मागची बाजू इंचभर उचलली तरी फरक पडतो.
- गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट ६० वर बांधून ठेवा. १४४ फ्रेमसाठी ग्राफिक्स चिपला कितीतरी जास्त राबावं लागतं.
- विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' दिसत असेल, तर १०० चं ९९ टक्के करा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये यामुळे प्रोसेसरचा टर्बो वेग बंद होतो. वेग थोडा घटतो, पण तापमान चांगलंच उतरतं.

थोडा खर्च

दर काही महिन्यांनी धूळ काढा. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून जाळीत हवा मारा. फॅनची पाती मात्र काडीने अडवून धरा, नाहीतर वाऱ्याने भरधाव फिरून फॅन खराब होऊ शकतो. दोन-तीन वर्षं झाली असतील तर चिपवरची थर्मल पेस्ट सुकलेली असू शकते. ती जाणकाराकडूनच बदलून घ्या. कूलिंग पॅडचा नंबर त्यानंतर. आतली जाळी बुजलेली असेल तर पॅड फारसं काही करू शकत नाही.

इथे मात्र थांबा

सततच्या उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं, कधी ती फुगतेही. टचपॅड वर आलेला दिसला, तळ फुगला किंवा झाकण नीट बसेना, तर लॅपटॉप लगेच बंद करा. चार्जिंगला लावू नका; बॅटरी दाबू किंवा टोचू नका, आग लागू शकते. तसाच सर्व्हिस सेंटरला न्या. गेम अडखळला तर उद्या खेळता येईल. फुगलेल्या बॅटरीला उद्यावर टाकू नका.