मोटारींतलें पाणी

पावसाळ्याचा पहिला पंधरवडा उलटला कीं पुष्कळ घरांत एका वासाविषयीं चर्चा सुरू होते. मोटारीचें दार उघडतांच ओल्या गोणपाटासारखा कुबट वास येतो. आजोबांच्या मतें तो मुलांच्या भिजलेल्या बुटांचा असतो, सूनबाईंच्या मतें सीटखालीं कोणीतरी विसरलेल्या डब्याचा, आणि मुलांच्या मतें तो मुळीं नसतोच. मग आरशाला एक सुगंधी डबी टांगली जाते व चार दिवस वाद मिटतो. पांचव्या दिवशीं सकाळीं सर्व कांचांवर आंतून धुकें धरलेलें दिसतें, आणि पायाखालची मॅट उचलून पाहावी तों तिच्या खालचें जाड कापड हातानें दाबल्याबरोबर पाणी सोडतें.

ही ओल क्षुल्लक समजूं नये. आजच्या मोटारींत या कापडाच्या तळाशीं फोमचा जाड थर असतो. तो स्पंजाप्रमाणें कित्येक तांबे पाणी पिऊन बसतो, आणि वरचें कापड वाळल्यामुळें सर्व ठीक आहे असें वाटतें. त्या ओलींत खालचा पत्रा गंजूं लागतो. पुष्कळ गाड्यांत विजेच्या तारांच्या जुड्या याच तळावरून जातात व सीटखालीं त्यांचे सांधे असतात. त्यांना पाणी लागलें म्हणजे डॅशबोर्डावर निष्कारण दिवे लागतात, एखादी खिडकी मध्येंच चालेनाशी होते, आणि दोष शोधतां शोधतां मिस्त्री व मालक दोघेही थकतात. याहून महत्त्वाची गोष्ट बुरशीची. फोमांत वाढलेल्या बुरशीचे कण पंख्याच्या वाऱ्याबरोबर बंद गाडींत फिरत राहतात. घरांत दम्याचा विकार असलेलें वडील माणूस असेल, किंवा ज्याची छाती लवकर भरते असें मूल असेल, तर त्यास रोजच्या प्रवासांत हीच हवा मिळते. सुगंधी डबीचा या कामीं कवडीचाही उपयोग नाहीं.

मोटार म्हणजे घट्ट झांकणाचा डबा, आणि पाणी आंत आलें म्हणजे डब्याला कोठेंतरी भोंक पडलें, अशी सर्वसाधारण समजूत असते. पुष्कळ फसलेल्या दुरुस्त्यांचें मूळ या समजुतींत आहे. खरें पाहतां मोटार ही कौलारू घराच्या जातीची वस्तु आहे. पाऊस तिच्या बाहेरच्या कवचांतून कांहीं ठिकाणीं आंत शिरणार हें कारखानदारानें गृहीतच धरलेलें असतें. तो झेलण्यासाठीं पन्हळी केलेल्या असतात व त्या पन्हळींना मोऱ्या असतात. मोरी मोकळी आहे तोंपर्यंत आपणांस कांहीं कळतही नाहीं. ती तुंबली कीं पाणी पन्हळींतून उतूं जाऊन बसण्याच्या जागेंत येतें. म्हणून गळणाऱ्या गाडीपुढें सिलिकॉनची नळी घेऊन उभें राहण्यापूर्वीं तिच्या मोऱ्या कोठें आहेत तें शोधावें. पुष्कळदां काम तेथेंच संपतें.

शोध घेतांना पहिला प्रश्न ‘केव्हां’ हा असावा. पाऊस नसतांना, विशेषतः वैशाखाच्या उकाड्यांत, पुढें बसणाऱ्याचे पाय भिजत असतील तर तें पाणी आकाशांतलें नव्हे. थंडगार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, त्याप्रमाणें ए. सी.च्या थंड नळ्यांवर हवेंतील बाष्पाचें पाणी होतें, आणि तें एका लहान रबरी नळीनें गाडीखालीं टपकावें अशी योजना असते. मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत उभ्या गाडीखालीं लहानसें थारोळें साचतें तें हेंच. तें दिसणें हें चांगलें लक्षण होय. नळींत धूळ किंवा किड्यांचें घर झालें कीं पाणी मागें फिरून डॅशबोर्डाखालीं गळतें. नळीचें तोंड शोधून मऊ नायलॉनच्या तारेनें तें हलकेंच मोकळें करतां येतें. मात्र केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींही शिरूं नये.

क्वचित् हें पाणी गोडसर वासाचें व बोटांना चिकट लागणारें असतें आणि पुढच्या कांचेवर आंतून तेलकट पापुद्रा धरतो. तें इंजिन थंड राखणारें कूलंट होय, आणि आंतला हीटर फुटल्याचें तें चिन्ह आहे. त्यांत बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतें व तें पोटांत गेल्यास विषारी आहे. रांगतीं मुलें व घरचें कुत्रें यांना त्या ओलीपासून दूर ठेवावें व गाडी सरळ गॅरेजला न्यावी.

पावसांतच पाणी येत असेल तर प्रथम बॉनेट उघडावें. पुढच्या कांचेच्या पायथ्याशीं, वायपर जेथें बसविलेले असतात तेथें, प्लॅस्टिकची जाळीदार पट्टी असते. कांचेवरून वाहणारें सारें पाणी तिच्यांतून खालच्या पन्हळींत पडतें व दोन्ही टोकांच्या मोऱ्यांवाटे पुढच्या चाकांच्या बाजूस निघून जातें. आतां ही गाडी कोणत्या झाडाखालीं उभी असते तें पाहा. वडा-पिंपळाचें पान जाळीवर अडकतें व हातानें उचलतां येतें. चिंच, गुलमोहर यांचीं पानें झडतात तीं तुसासारखीं बारीक. तीं जाळींतून सहज खालीं उतरतात, धुळीशीं मिसळून कुजतात आणि मोरीच्या तोंडाशीं चिखलाचा गोळा होऊन बसतात. गुलमोहराच्या सावलीवर आमचा राग नाहीं, पण त्याखालीं रोज गाडी ठेवणाऱ्यानें ही पन्हळ वर्षांतून दोनदां तरी साफ करावी. ती भरली कीं तेथूनच हवा ओढणाऱ्या पंख्याच्या तोंडांत पाणी शिरतें. आपल्याकडील गाड्यांत हा पंखा बहुधा डावीकडे, ग्लोव्ह बॉक्सच्या मागें असतो, म्हणून डावीकडे बसणाऱ्याचे पाय भिजतात. त्याच ठिकाणचा हवा गाळणारा फिल्टर ओढून पाहावा. तो ओला किंवा पानांच्या चुऱ्यानें माखलेला निघाला तर शोध संपला. कचरा हातानें उचलून काढल्यावर पन्हळींत तांब्याभर पाणी सावकाश ओतावें आणि तें चाकाशेजारीं पडतें कीं नाहीं हें पाहावें.

दारांची रचना अनेकांस ठाऊक नसते. खिडकीच्या कांचेला बाहेरून लागलेली रबरी पट्टी बरेंचसें पाणी निपटून काढते, सगळें नाहीं. उरलेलें दाराच्या पोकळींत उतरतें व तळाच्या छिद्रांतून बाहेर जातें. दार उघडतांना आंत खळखळ ऐकूं आली तर छिद्रें तुंबलीं असें समजावें. साध्या काडीनें तीं मोकळीं होतात. ही पोकळी व आंतील शोभेची पाटी यांच्यामध्यें प्लॅस्टिकचा पातळ पडदा चिकटविलेला असतो. स्पीकर बदलतांना किंवा कांच वर-खालीं करणारें यंत्र दुरुस्त करतांना तो पडदा घाईनें ओरबाडून काढतात आणि परत लावतांना कसाबसा दाबून देतात, कधीं फेंकूनही देतात. मग पुढच्या पावसांत उंबऱ्यालगतची मॅट भिजते, आणि दुरुस्तीचा व गळतीचा संबंध कोणाच्या ध्यानींमनीं येत नाहीं. अशा कामाच्या वेळीं मालकानें शेजारीं उभें राहावें. मिस्त्र्यास तें रुचो वा न रुचो. पडद्यासाठीं ब्युटिल रबराची चिकटपट्टी वापरावी. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारें सिलिकॉन पत्र्याजवळ नको. सुकतांना त्यांतून ॲसेटिक आम्ल निघतें व तें पत्र्याला गंज चढवितें.

मोटारीच्या बाल्यावस्थेंत छत ताडपत्रीचें असे व प्रवासी भिजावयाचेच. बंद गाड्या आल्या तरी बरींच वर्षें छताचा मधला भाग कापडीच राहिला. अमेरिकेंत जनरल मोटर्सनें १९३५ च्या गाड्यांना अखंड पोलादी छत दिलें, तेव्हांपासून ही डोक्यावरची गळती मागें पडत गेली. गंमत अशी कीं सनरूफच्या हौसेनें आपण त्याच छताला पुन्हां भलें मोठें भोंक पाडून घेतलें आहे. सनरूफची कांच पाण्याला पूर्णपणें अडवीत नाहीं, अडविण्याची तिच्याकडून अपेक्षाही नसते. तिच्या भोंवतीं पन्हळ असते, आणि पन्हळीच्या कोपऱ्यांतून निघालेल्या बारीक नळ्या खांबांच्या आंतून खालीं उतरतात. छताच्या अस्तरावर तपकिरी डाग पडला किंवा आंतल्या दिव्यांतून थेंब गळूं लागले तर या नळ्यांवर संशय घ्यावा. पन्हळींत वाटीभर पाणी ओतावें. तें क्षणभरांत गाडीखालीं दिसलें पाहिजे. तुंबलेली नळी नायलॉनच्या मऊ तारेनें साफ करावी. गॅरेजमधील दाबाच्या हवेनें नळी आंतल्या आंत सांध्यातून निसटते, आणि मग लहान दुखण्याचें मोठें होतें.

पुढची कांच बदलल्यानंतर गळती सुरू झाली तर चिकटविण्यांत कसर राहिली असावी. बाहेरून लेप देण्यापेक्षां कांच काढून पुन्हां बसविणें हाच खरा उपाय. डिकींत पाणी साचलें तर मागच्या दिव्यांचीं रबरें व झांकणाची कडा तपासावी. सुटें चाक ठेवण्याचा खळगाही उघडून पाहावा, कारण तेथें पाणी महिनोन्महिने गुपचूप उभें राहतें.

हें सर्व पाहूनही ओल हटली नाहीं, तर परीक्षा घ्यावी लागते. कौल एके ठिकाणीं फुटतें आणि पाणी वाशावरून ओघळत भलत्याच खोलींत ठिबकतें, तसेंच येथेंही होतें. मागच्या सीटखालचें थारोळें पुढच्या कांचेच्या कोपऱ्यांतून आलेलें असूं शकतें. प्रथम गाडी आंतून कोरडी करावी, कापड उचलून उघड्या पत्र्यावर शंखजिऱ्याची पूड भुरभुरावी व वर्तमानपत्र अंथरावें. एकानें बाहेरून साध्या नळानें पाणी सोडावें, दुसऱ्यानें बॅटरी घेऊन आंत बसावें. या दुसऱ्या कामाला घरांतील दहा-बारा वर्षांचा चौकस मुलगा किंवा मुलगी फार उपयोगी पडते. लहान अंगाला डॅशबोर्डाखालीं डोकावणें सोपें जातें. पाणी तळापासून आरंभ करून हळूहळू वर न्यावें आणि प्रत्येक ठिकाणीं पांच-दहा मिनिटें थांबावें. वरून आरंभ केल्यास सर्वच भाग एकदम भिजतो व कांहींच ठरत नाहीं. मोठ्या दाबाचा फवारा वापरूं नये, तो धड रबरांतूनही पाणी घुसवितो. पुडीवर पहिली रेघ उमटली कीं तिचा माग वरच्या दिशेनें काढावा. दाराच्या कडेच्या रबराविषयीं शंका असेल तर कागदाची पट्टी दारांत धरून दार लावावें. पट्टी सहज ओढली गेली तर तेथें रबर सैल आहे.

वाट बंद झाल्यावर ओल काढणें उरतें, आणि बहुतेक लोक येथें कंटाळा करितात. केवळ मॅट उन्हांत टाकून भागत नाहीं. फोम उचलून त्याखालीं लांकडी ठोकळे सारावेत, टॉवेलांनीं पाणी टिपावें, दारें उघडीं ठेवून टेबलाचा पंखा लावावा आणि हें दोन-तीन दिवस तरी चालूं द्यावें. बुरशी धरलेला फोम बदललेला बरा. सीट काढण्याची वेळ आली तर तिच्याखालच्या पिवळ्या वेष्टणाच्या तारांना हात लावूं नये. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात व तें काम जाणत्याचेंच आहे.

पुराच्या पाण्यांत बुडालेल्या गाडीस मात्र यांतलें कांहींच लागू पडत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशीं मुंबईंत असंख्य गाड्या पाण्याखालीं गेल्या. अशी गाडी सुरूच करूं नये, ती ओढून न्यावी आणि विमा कंपनीस आधीं कळवावें. बुडालेल्या गाड्या धुवूनपुसून पुढें बाजारांत येतात. म्हणून जुनी गाडी घेण्यास जाल तेव्हां कापड उचलून खालीं गाळ आहे काय तें पाहा, आणि सर्व सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गुंडाळलेल्या टोकाशीं मातकट रेघ दिसली तर गाडी वरून कितीही चकाकत असो, बोलणें तेथेंच थांबवावें.