घरगुती कार्यशाळेसाठी वितळजोड यंत्राची निवड

वितळजोडकाम, म्हणजेच कारागीर ज्याला वेल्डिंग म्हणतात ती विद्या, लखनौ शहराला अपरिचित नाही. भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संस्था १९५७ साली स्थापन झाली. तिचे मुख्यालय तेथील माणकनगरात असून रूळ जोडण्यासंबंधीची मानके ती ठरविते. ॲल्युमिनियमची भुकटी व लोहाचे ऑक्साइड यांचे मिश्रण पेटवून निघालेला लोहरस रुळांच्या दोन टोकांमध्ये ओतणे, ही त्यांतील एक पद्धत होय. त्याच शहरात घरामागच्या पडवीत फाटकाची निखळलेली बिजागरी जोडू पाहणाऱ्या नवशिक्याचा प्रश्न मात्र निराळा आहे. घरातील तारांना कोणते यंत्र झेपेल?

घरात वीज २३० व्होल्ट दाबाने येते. विद्युत् प्रज्योतीस वीस-पंचवीस व्होल्टच पुरतात. तिला हवा असतो तो मोठा प्रवाह. दाब उतरवून प्रवाह वाढविणे हेच यंत्राचे कार्य. २·५ मिलिमीटर जाडीच्या कांडीस सुमारे ८० अँपियर लागतात. प्रज्योतीचा दाब २३ व्होल्ट धरल्यास शक्ती १,८४० वॅट होते. यंत्रातील व्यय मिळविता ती २,३०० वॅटच्या आसपास जाते. ज्या घराचा मंजूर विद्युत्‌भार एक किलोवॅट आहे, तेथे यंत्रापूर्वी भार वाढवून घ्यावा लागेल. ४ मिलिमीटरच्या कांडीस १५० अँपियर म्हणजे प्रज्योतीपाशीच ३,९०० वॅट लागतात. १६ अँपियरच्या खोबणीतून ते मिळणे नाही. तेव्हा नवशिक्याने पातळ कांडीवरच समाधान मानावे. फाटकास व खिडकीच्या गजास तेवढी पुरते.

जुन्या पद्धतीचे रोहित्र बोजड असते, पण दणकट व दुरुस्तीस सोपे. इन्व्हर्टर यंत्र विजेची कंपनसंख्या प्रथम शेकडो पटींनी वाढविते, त्यामुळे आतील रोहित्र लहान होते व यंत्र एका हाताने उचलता येते. एकदिश प्रवाहामुळे त्याची प्रज्योतही स्थिर राहते. आमच्या मते नवशिक्याने हेच घ्यावे. वायूच्या आवरणात तार सरकविणारी यंत्रे शिकण्यास सोपी खरी, परंतु नळकांड्याचा खर्च वाढतो आणि उघड्या पडवीतील वारा वायू उडवून नेतो.

खोक्यावरील मोठ्या आकड्यास भुलू नये. त्याशेजारचा कार्यकालाचा टक्का पाहावा. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे काम व चार मिनिटे विश्रांती. हे मापन बहुधा ४० अंश सेल्सिअस धरून केलेले असते आणि लखनौचा मे महिना ती मर्यादा सहज ओलांडतो. म्हणून दुपारी विश्रांती अधिक द्यावी. घामाने ओले हातमोजेही तेव्हा घातक ठरतात, कारण प्रज्योत नसताना कांडीवर साठ-ऐंशी व्होल्टपर्यंत दाब असू शकतो.

खर्चाचा काही भाग भूजोडणी, चामड्याचे कोरडे हातमोजे व दहा-अकरा क्रमांकाच्या गडद काचेचा मुखवटा यांसाठी राखून ठेवावा. उन्हाचा चष्मा येथे मुळीच चालत नाही. जस्ताचा मुलामा दिलेला नळ जोडण्यापूर्वी तो मुलामा घासून काढावा; त्याच्या धुराने ताप भरतो. तेलाच्या बंद पिंपास तर कांडी लावूच नये.