जामदारखान्याची किल्ली

गेली काही वर्षे मी जुन्या डीटीपी फाँटमध्ये अडकून पडलेल्या हस्तलिखितसूची युनिकोडमध्ये आणण्याचे काम करतो आहे. ते फाँट ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, ते नव्या संगणकावर बसत नाही. म्हणून माझ्या लिनक्स संगणकाच्या पोटात व्हर्च्युअलबॉक्स वापरून विंडोज ७ चा एक आभासी संगणक थाटला आहे. खऱ्या संगणकाला ‘यजमान’ आणि आतल्याला ‘पाहुणा’ म्हणण्याची या क्षेत्रात रीत आहे. पाहुण्याला घरात कुठपर्यंत येऊ द्यायचे, हा मग ओघानेच येणारा प्रश्न. मला तो उशिरा पडला.

माझे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये असतात. डॉमिनिक राइखल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कीपास या मोफत प्रोग्रॅमच्या घडणीची ही फाइल. एक मुख्य पासवर्ड लक्षात ठेवला की बाकीचे शंभर विसरता येतात. लिनक्सवर कीपासएक्ससी आणि विंडोजवर कीपास असे दोन्हीकडून ती उघडता येते. पाहुण्यातही ईमेल आणि ग्रंथालयांची खाती लागू लागली, तेव्हा मी या फाइलची एक प्रत तिकडे नेऊन ठेवली.

इथे पहिली चूक झाली. पाहुण्यात बसलो असताना मी ईमेलचा पासवर्ड बदलला आणि तो तिथल्या प्रतीत नोंदवला. महिन्याभराने यजमानाकडची ‘ताजी’ प्रत तिच्यावर उतरवली. नवा पासवर्ड पुसला गेला. खाते परत मिळेपर्यंत तीन दिवस गेले, आणि त्या खात्यात दोन अभ्यासकांशी झालेला बारा वर्षांचा पत्रव्यवहार होता. त्या तीन रात्री मला नीट झोप लागली नाही.

यावरचा सरळ उपाय म्हणजे सामायिक फोल्डर. पाहुण्यात ‘गेस्ट ॲडिशन्स’ बसवले की यजमानाचे एखादे फोल्डर विंडोजला नेटवर्कवरच्या ड्राइव्हसारखे दिसते. फाइल एकच राहते, उघडणारे दोघे. दोन्हीकडे ती एकाच वेळी उघडी असेल तर मात्र जपावे लागते. आपण उघडल्यानंतर फाइल दुसरीकडून बदलली असेल, तर साठवताना कीपास विचारतो: जुळवू की वरून लिहू? नेहमी ‘जुळवा’ निवडावे. मग तो एकेक नोंद तपासून नंतर बदललेली पुढे ठेवतो आणि जुनी त्या नोंदीच्या इतिहासात जपतो.

हरवण्याची भीती अशी मिटली. पण पासवर्ड हरवणे वेगळे आणि चोरीला जाणे वेगळे. पहिला प्रश्न सोडवताना मी दुसऱ्याला दार उघडून दिले होते.

विंडोज ७ ची सर्वसामान्य सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. म्हणजे माझा पाहुणा आजारी पडण्याची शक्यता धरूनच चालायला हवे. सामायिक फोल्डर ‘फक्त वाचण्यासाठी’ ठेवला तर फाइल बिघडणार नाही, पण तिची नक्कल करण्यापासून कोणी थांबणार नाही. नुसत्या नकलेचे फारसे भय नाही. २०१५ मध्ये पासवर्ड-रक्षणाच्या पद्धतींची जी स्पर्धा झाली, तिची विजेती आर्गॉन२ ही पद्धत या फाइलला लावता येते. तिच्यामुळे प्रत्येक अंदाज करून पाहायला वेळ आणि मेमरी दोन्ही खर्चावे लागतात. खरे भय फाइल पाहुण्यात उघडण्याचे आहे. कारण तेव्हा मुख्य पासवर्ड पाहुण्याच्याच कीबोर्डवर टाइप होतो. कळा टिपणारा एखादा प्रोग्रॅम तिथे दडला असेल, तर बँकेपासून सगळे एका दमात गेले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, ते हेच.

आणखी एक पळवाट सहसा लक्षात येत नाही. चालू आभासी संगणकाची स्थिती साठवली की त्याची मेमरी यजमानाच्या डिस्कवर उतरते आणि तिच्यात असेल नसेल ते सगळे राहते. २०२३ मध्ये कीपासच्या दुसऱ्या आवृत्तीमालेत एक दोष उघड झाला. मेमरीच्या अशा नकलेतून मुख्य पासवर्डचे पहिले अक्षर वगळता बाकीचे शोधून काढता येत होते. २.५४ आवृत्तीत तो दुरुस्त झाला.

मूळ नियम एवढाच आहे: यजमानाला पाहुण्याचे सारे दिसू शकते, पाहुण्याला यजमानाचे दिसू नये. त्यामुळे तिजोरी नेहमी अधिक विश्वासाच्या बाजूला असावी. जोआना रुटकोव्स्का यांच्या पुढाकाराने घडलेल्या क्यूब्झ या प्रणालीत हा विचार टोकाला नेला आहे. तिथे पासवर्ड एका वेगळ्या आभासी संगणकात ठेवतात. त्याला इंटरनेट जोडलेलेच नसते, आणि मजकूर दुसरीकडे न्यायचा तर दरवेळी आपल्या हाताने खास कळा दाबाव्या लागतात.

एवढा खटाटोप मला झेपणारा नव्हता. मी एक दुसरी, छोटी फाइल केली. तिचा मुख्य पासवर्ड वेगळा आणि तिच्यात पाहुण्याला लागणाऱ्या पाचच नोंदी. ईमेल तिच्यात नाही. ते आता यजमानावरच उघडतो. सामायिक फोल्डरमध्ये ही छोटी फाइल आणि सूचींच्या फाइली, एवढेच असते. कॉपी-पेस्टची देवाणघेवाण मी बंद ठेवली आहे. कीपासएक्ससी कॉपी केलेला पासवर्ड मुळात दहा सेकंदांनी पुसतो, पण टपून बसलेल्या प्रोग्रॅमला दहा सेकंद खूप झाले. आभासी संगणकाची स्थिती साठवायची तर तो पूर्ण बंद करूनच साठवतो.

सूचींचे काम अजून बरेच बाकी आहे आणि त्यासाठी हा जुना पाहुणा घरात लागणारच. उद्या त्याच्याकडून काही गेलेच, तर ते पाच पासवर्ड जातील. ते बदलायला मला एक दुपार पुरेल.