गच्चीवरची बाग, परभणीचं ऊन आणि चार पुस्तकं

हेडफोन लावलेत ना? गच्चीवर उभे राहून ऐकत असाल तर अजून उत्तम, कारण आजचा भाग गच्चीबद्दलच आहे. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "दादा, बाग करायची आहे, एखादं पुस्तक सांग ना." एखादं सांगून भागणार नाही, म्हणून चार सांगतो. सोबत एक अडचणही सांगतो.

आधी अडचण. मी परभणीत राहून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. लॅपटॉप बंद झाला की गच्चीवर जातो, तिथे माझ्या १२ कुंड्या आहेत. शेजारच्या काकूंनी एकदा खालूनच विचारलं, "काय रे बाबा, प्यायला पाणी मिळंना अन् तू झाडं लावायलास?" प्रश्न बरोबर आहे. २०१६ चा उन्हाळा आठवा. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. मराठवाड्यात बागेवरचं पुस्तक उघडायचं तर या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे का, हे मी पहिल्यांदा बघतो. इंग्रजीतली गुळगुळीत कागदाची, हिरवळीच्या फोटोंची पुस्तकं इथेच गळतात. लंडनच्या पावसात वाढणारं लॅव्हेंडर आपल्या मे महिन्यात ४४ अंशांत आठवडाभर टिकलं तरी खूप.

आता पहिलं पुस्तक, श्री. अ. दाभोळकरांचं 'विपुलाच सृष्टी'. दाभोळकर कोल्हापूरचे, गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' नावाचं शेतकऱ्यांचं जाळं उभं केलं. तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांनी त्यातून आपापल्या मळ्यात प्रयोग करून एकमेकांना शिकवलं. आजच्या भाषेत ओपन सोर्सच म्हणा की! मला हे पुस्तक आवडतं कारण यात झाडाचा हिशेब आहे. दाभोळकरांचं गणित असं : १ चौरस फूट पानाला दिवसभर चांगलं ऊन मिळालं, तर ते साधारण ३ ते ४ ग्रॅम कोरडा पदार्थ तयार करतं. समजा तुमच्या भेंडीच्या झाडांची पानं मिळून १० चौरस फूट भरतात. म्हणजे दिवसाला ३० ग्रॅम. त्यातला तिसरा हिस्सा फळाकडे गेला तर १० ग्रॅम, आणि भाजीत ९० टक्के पाणीच असतं, म्हणजे ताजी भेंडी झाली १०० ग्रॅम. हा झाला वरचा आकडा. प्रत्यक्षात कमीच मिळेल. पण एकदा हा हिशेब कळला की खताच्या पुड्या विकणाऱ्या रील्सचा आवाज आपोआप कमी होतो.

दुसरी गोष्ट माती. आपली काळी माती शेतात सोन्यासारखी, कुंडीत मात्र त्रासदायक. ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात आणि वरून घातलेलं पाणी भेगांमधून थेट खाली निघून जातं. दाभोळकरांच्या विचारातून आलेली 'अमृत माती' मुख्यतः वाळलेल्या पालापाचोळ्याची असते. तो भिजवायचं 'अमृत जल' असं करतात : १० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ. तीन दिवस ठेवायचं, रोज ढवळायचं आणि दहापट पाणी घालून वापरायचं. (फ्लॅटमध्ये राहत असाल तर आधी घरच्यांची परवानगी घ्या. वास येतो, खोटं कशाला बोलू.) पाचोळा आपल्याकडे फुकट मिळतो. फाल्गुन-चैत्रात लिंबाचा सडा पडतो तो पोत्यात भरून ठेवा. रसवंतीवाल्याकडची चिपाडंही तो आनंदाने देतो. वाळवून, बारीक करून कुंडीत वर अंथरली की ओल बराच वेळ टिकते.

काकूंच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथून सुरू होतं. वर दोन-तीन इंच पाचोळा असेल तर हिवाळ्यात मला कुंडीमागे १ लिटरच्या आत भागतं. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी यातलं निम्मं काम करतं. एसीचं पाणी चालतं, त्यात क्षार नसल्यासारखेच असतात. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र फरशी पुसायला वापरा. बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात आणखी घट्ट होतात आणि कुंडीत साठत जातात. कूलरच्या तळाचं पाणीही तसंच. आणि एप्रिल संपला की मी तुळस, कढीपत्ता, मोगरा आणि कोरफड एवढंच ठेवतो. उरलेल्या आठ कुंड्यांत पाचोळा भरून जूनपर्यंत कुजायला सोडतो. बारा महिने हिरवी गच्ची ही हौस आपल्या जिल्ह्याला परवडत नाही, असं माझं मत आहे.

कधी काय लावायचं, याची नजर दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'ने दिली. १९५६ चं पुस्तक. आणीबाणीत कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ठाम बोलणाऱ्या दुर्गाबाई त्या याच. मराठी महिन्यांनुसार निसर्ग कसा बदलतो ते यात आहे. लागवडीचा सल्ला शोधू नका, तो नाही. पण चैत्रात पिंपळाकडे बघायला शिकलात की कॅलेंडर ॲपची आठवण कमी येते. याच वाटेवरचं 'फुलवा' हे डॉ. शरदिनी डहाणूकरांचं, फुलझाडांवरचं. पेशाने त्या डॉक्टर. रोज एक प्रकरण वाचायचं पुस्तक आहे, एका बैठकीत संपवू नका. शहरातल्या वाचनालयात आधी विचारा, मग विकत घ्या.

फुलांच्या रचनेवर मात्र मला मनासारखं मराठी पुस्तक सापडलेलं नाही, म्हणून जपानी इकेबानाकडे वळलो. १९२७ साली सुरू झालेल्या सोगेत्सू शाळेचं मूळ माप इंजिनिअरच्या डोक्याला लगेच पटतं. भांड्याची रुंदी अधिक उंची, त्याची दीडपट म्हणजे सगळ्यात लांब फांदी. दुसरी तिच्या पाऊणपट. तिसरी दुसरीच्या पाऊण किंवा निम्मी. भांडं २० सेंटीमीटर रुंद आणि ६ उंच असेल तर पहिली ३९, दुसरी साधारण २९, तिसरी १५ ते २२. फांद्या रोवायला पितळी खिळ्यांचा ठोकळा हवा असतो. तारेच्या जाळीचा बोळा त्याच्याऐवजी चालतो. फुलं महाग? पऱ्हाटीची वाकडी फांदी घ्या, फुटलेल्या बोंडासकट. सोबत ज्वारीचं कणीस आणि एकच पिवळी शेवंती. यंदा महालक्ष्म्यांपुढे, कापूस-शेवंतीचा हंगाम नव्हता म्हणून, सुकी तुराटी आणि दोन झेंडू ठेवले. आईने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "बाकीची फुलं कधी आणणारेस?" असो. फुलं जास्त टिकवायची तर सकाळी लवकर तोडा, देठ पाण्यात बुडवून तिरका कापा, म्हणजे आत हवा अडकत नाही, आणि पाण्यात बुडणारी पानं काढून टाका.

चौथं नाव अरविंद गुप्तांचं. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरी, आणि मग आयुष्यभर कचऱ्यातून खेळणी. त्यांच्या 'मॅचस्टिक मॉडेल्स'मध्ये काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबने जोडतात. चौकोन करा, बोटाने ढकला, तो कलतो. त्रिकोण कलत नाही. लहान मुलांचा खेळ वाटेल, पण दोडक्याचा मांडव वाऱ्यात का पडतो ते इथे कळतं. चौकोनी मांडवाला कोपऱ्यात एक तिरपी काठी बांधा, काम झालं. त्यांच्या संकेतस्थळावर पुस्तकं फुकट आहेत, मराठीतलीही, फोनवर उतरवून घ्या.

लावायला काय घ्यायचं असं विचाराल तर आपल्याच विद्यापीठाची 'परभणी क्रांती' भेंडी. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाने भेंडी जायची, म्हणून रानटी जातीशी संकर करून हा वाण इथे तयार झाला. सरळ वाण आहे, म्हणजे एक-दोन शेंगा झाडावरच वाळू दिल्या की पुढच्या वर्षीचं बी घरचंच. बी रात्रभर भिजवा, जूनमधला दमदार पाऊस झाला की पाचोळा कुजलेल्या त्या आठ कुंड्यांमध्ये टोबा, एका कुंडीत दोनच. उगवल्यावर फोटो पाठवा, पुढच्या भागात पांढऱ्या माशीबद्दल बोलायचंच आहे.