जड गोळी आणि सावकाश जळणारी दारू

शीर्षकातील 'दारू' वाचून काही प्राध्यापकांच्या भुवया उंचावल्या असतील. ही दारू प्यायची नव्हे, बंदुकीची. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. पण सुरतेत राहणाऱ्याला हा विषय अगदीच परका नाही. सतराव्या शतकात इंग्रज कंपनी याच बंदरातून सोरा विलायतेला नेत असे. आमच्या कन्नड विभागाचे वाचक त्याला पेट्लुप्पु म्हणतील. दारूतला हा मुख्य घटक. शिवाय वजनदार असल्याने तो जहाजाच्या तळाशी भार म्हणूनही उपयोगी पडे. व्यापारी दृष्टीने एका खेपेत दोन कामे!

आता मूळ प्रश्न. शिकारी रायफलीच्या काडतुसात नेहमीपेक्षा जड गोळी बसवायची असेल तर दारू कशी निवडावी? जड गोळीला जलद पेटणारी, जोरकस दारू हवी, असे आपल्याला सहज वाटते. खरे उत्तर नेमके उलटे आहे.

इथल्या कापडबाजारात ताक्यांनी लादलेली हातगाडी ढकलणारा हमाल पाहा. तो एकदम हिसका देत नाही, अंग टेकून सतत रेटा देतो. नळीतही तसेच घडते. दारू जळून वायू होतो व त्याचा दाब गोळीला पुढे लोटतो. हलकी गोळी चटकन सरकते, तिच्यामागे जागा वाढते आणि दाब आवरतो. जड गोळी जागची हलायला वेळ लावते. तेवढ्यात सगळी दारू भडकली तर वायूला जागाच उरत नाही, दाब मर्यादेबाहेर जातो आणि बंदूक फुटू शकते. चालवणाऱ्याचा चेहरा तिथून वीतभरच दूर असतो! म्हणून जड गोळीला सावकाश जळणारी दारू द्यायची, म्हणजे गोळी नळीतून जाईपर्यंत तिला रेटा मिळत राहतो. मात्र हलक्या गोळीमागे फार धीमी दारू घातली तर तिचा काही भाग न जळताच बाहेर पडतो.

हे तत्त्व जुन्या गोलंदाजांना ठाऊक होते. कानात घालायची रंजक बारीक, तर तोफेची दारू जाड दाण्याची. दाणा मोठा तितके जळणे सावकाश. १८६० च्या सुमारास अमेरिकेच्या रॉडमन यांनी मोठ्या तोफांसाठी छिद्रे पाडलेल्या दारूच्या वड्या केल्या. दाणा बाहेरून जळत लहान होतो, पण छिद्रे आतून रुंदावतात, त्यामुळे जळणारा पृष्ठभाग घटत नाही. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएल यांनी बिनधुराची दारू तयार केली. आता दाण्यांचा आकार आणि त्यांवरचा लेप यांवरून जळण्याची गती ठरवतात.

गोळीचे वजन 'ग्रेन'मध्ये मोजतात. इथे ग्रेन म्हणजे दारूचा दाणा नव्हे, वजनाचे माप. हा घोटाळा बरेच जण करतात. आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा. तीस-शून्य-सहा या प्रसिद्ध रायफलीची १८० ग्रेनची गोळी म्हणजे नेमका एक तोळा, आणि आमच्या हिरेबाजाराच्या भाषेत सुमारे ५८ कॅरट. त्याच रायफलीला १५० आणि २२० ग्रेनच्या गोळ्याही चालतात. जड गोळी लांब असते, ती काडतुसातली जागा अडवते. म्हणजे दारूला जागाही कमीच उरते.

अमेरिकेत अनेक शिकारी घरीच काडतुसे भरतात. दोन वेगळ्या गतीच्या दारू डोळ्यांना सारख्याच दिसतात, म्हणून ते उत्पादकांचे छापील तक्ते पाहतात, सर्वांत कमी मापापासून सुरुवात करतात आणि प्रत्येक माप तराजूवर तोलतात. अंदाजाने भरणारा माणूस मला तरी खातेवही न ठेवता पेढी चालवणाऱ्यासारखा वाटतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे गुन्हा आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हौशी शिकारही संपवली. त्यामुळे दारूची ही निवड आपल्या देशात १८६९ पासून चालत आलेल्या खडकीच्या कारखान्यासारख्या ठिकाणीच होते. खोक्यावर गोळीचे वजन छापलेले असते. आत कोणती दारू आहे, ते सहसा लिहीत नाहीत.